वातीची खूण

नालवाडीतल्या आमच्या वाचनालयात रोज दुपारी येणाऱ्या मावशींवर गेल्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी अन्याय झाला. 'इंग्रज गेले, आता त्यांचं कोण वाचतं?' म्हणत समितीनं ब्रिटिश राजाराण्यांच्या कादंबऱ्या आणि इतिहासाचं अख्खं कपाट रद्दीत विकलं.

मावशी वाचत होत्या. मांडीवर पुस्तक आणि कापूस घेऊन, वाती वळत वळत. थांबतील तिथं खूण म्हणून एक वात ठेवायच्या. आधी कादंबरी, मग त्याच राजाचा खरा इतिहास. "कादंबरीवाल्यानं मीठमसाला किती टाकला, ते पाहा लागते." सहा बायका करणाऱ्या राजाला तर त्यांनी कधीच नापास केलं होतं. "असा जावई दुश्मनाले बी नको, बाप्पा!"

मी एकदा तावातावानं विचारलं, "ज्यांनी आपल्याला लुटलं, त्यांचं काय वाचता?"

"आपल्या घरात घुसून बसले होते न ते? मंग त्यायच्या घरात काय चालू होतं, मले पाहू दे न!"

कपाट गेल्यावर मी पत्रकं वाटली, समितीशी भांडलो. मावशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "राणीले तुरुंगात टाकलं, तेथंच माही वात होती. पुढचं सांगू नको मले."

आजही त्या त्याच खुर्चीवर बसून वाती वळतात. मांडीवर नुसता कापूस असतो.

रद्दीतून तुमच्या घरी एखादी जाडजूड कादंबरी आली असेल, तर आज उघडून पाहा. मधे कापसाची वात दिसली, तर ती काढू नका. पुस्तक तसंच परत आणून द्या.