अप्पांचा अर्धा चेहरा

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ताईच्या स्टुडिओतल्या बाकावर मी आडवी आहे, कॅमेरा पोटावर. डोळे मिटलेत, पण रस्त्यावरची भंगारवाल्याची हाक अजून ऐकू येते.

चार वाजता अप्पा फोटोला बसणार आहेत. उद्या वडिलांना एक्क्याऐंशी पूर्ण होतील. सकाळपासून मी रिकाम्या स्टुलाचे बावीस फोटो काढले. प्रत्येकात अर्धी चौकट काळी. माझं काम वर्तमानपत्रात बातम्या लिहिण्याचं. स्टुडिओ ताईचा, वैजूचा. तिला जाऊन चौदा महिने झाले. घरातल्या भिंतीवर अप्पा हसतात ते फक्त तिने काढलेल्या फोटोंत. माझ्या फोटोंत ते ओळखपत्रावर असावेत तसे बघतात. आज मला ते हसू हवं आहे. एकदा तरी, माझ्या हातचं.

भंगारवाल्याची हाक थांबते.

"पाचशेवर ठेवलंयस ना?" ताई विचारते.

ती फ्लॅशला पांढरी छत्री बसवते आहे. केस आजारपणाच्या आधीचे, दाट. मला आश्चर्य वाटत नाही. राग येतो. मेल्यावरही हिचेच केस चांगले.

"शटर जोरात असलं की फोटो हलत नाही," मी म्हणते.

"बातमीवाली! तुला सगळंच जोरात हवं. अगं, पाचशेवर शटरचा पडदा पूर्ण उघडतच नाही. फ्लॅश चमकतो तेव्हा अर्धा फोटो पडद्याआड असतो. ऑटो बंद कर. शटर एकशे पंचवीस. आयएसओ शंभर. अ‍ॅपर्चर आठ."

मी डायल फिरवते. सहा वेळा टिकटिक होते. मान वर करते तर आम्ही माझ्या ऑफिसात आहोत. पानं लावायच्या टेबलांवरून ताईचा, फोटोमागे लावायचा राखाडी कागद उलगडत गेला आहे. तो जिथे संपतो तिथे वाईचा एसटी स्टँड आहे, आणि फलाटावरच्या बाकावर अप्पा बसले आहेत. हात गुडघ्यांवर, ओळखपत्राचा चेहरा.

"त्यांना हसवायचीस कशी?"

"आधी मी सांगायचे, अप्पा, नुसता लाइट तपासतेय, हा फोटो नाही. मग ते सैल बसायचे."

"एवढंच?"

ताई छत्री नीट करत राहते.

"ताई, पूर्ण सांग."

"मग मी तुझी नक्कल करायचे."

ती कानामागचं नसलेलं पेन काढते, भुवया जोडते. "'अप्पा, आमटी नेमकी किती वाजता आंबली? हे कोणी सांगितलं? दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घेतलीत का?'"

फलाटावर अप्पा हसतात. मान मागे टाकून, वरच्या दातांतली फट दाखवून. हेच हसू भिंतीवर अकरा वर्षं लटकलं आहे. मी रोज त्याच्याखाली चपला घालते.

"बघ, म्हणजे ते तुझंच की," ताई म्हणते.

"माझं नाही. माझ्यावर आहे."

"सुचे, मेलेल्या माणसाचाही हेवा करतेस?"

"तू जिवंत होतीस तेव्हापासूनचा आहे. आता कुठे सोडू?"

ती खो खो हसते. मला खांद्याला धरून स्टुलावर बसवते. एसटी, टेबलं, अप्पा, काहीच उरलेलं नाही. "कपाळ चमकतंय. हलू नकोस." तिचा अंगठा माझ्या कपाळावरून आडवा फिरतो. गार, कोरडा, रुंद.

"लाइट तपासतेयस की फोटो काढतेयस?"

फ्लॅश पडतो.

तीन वाजून बावन्न मिनिटं. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे आहेत.

"निजलीस होय? मी आलो, तू विसरशील म्हणून."

ते स्टुलावर बसतात, हात गुडघ्यांवर ठेवतात. मी कॅमेरा डोळ्याला लावते. ते माझ्याकडे नीट बघतात, आणि त्यांची मान मागे जाते. वरच्या दातांतली फट दिसते.

मी बटण दाबते.

"कोणी लावली गं?" ते हसतच विचारतात.

"काय?"

"पावडर. कपाळाला. वैजू लावायची तश्शी, अंगठ्याने, आडवी!"

घरात किंवा स्टुडिओत पावडर नाही. ताईचा डबा तिच्या इतर सामानाबरोबर गेला.

स्क्रीनवर पूर्ण चेहरा आहे. काळं कुठेही नाही. मी फोटो मोठा करून डोळे तपासते. नजर भिंगाच्या किंचित वर आहे.

मी आरशापाशी जाते. कपाळावर एक पांढरी पट्टी आहे. मी तिच्यावर माझा अंगठा ठेवून बघते. तो तिच्यात सबंध मावतो आणि दोन्ही बाजूंनी पांढरं उरतं.