जाणाऱ्या माणसांचा सदा

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. चार माणसं रोज एकत्र डबा खायला बसली की ते आपोआप साठतात! पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते, त्या काळात आमच्या पॅकिंग खात्यातले निम्मे किस्से एकट्या सदाचे.

सदा दिघीला मामाकडे वाढलेला. चार वर्षांचा असताना "दोन दिसांत येते" म्हणून आई त्याला तिथे सोडून गेली, ती आलीच नाही. हे त्याने एकदाच सांगितलं आणि लगेच पाणी प्यायला उठला.

*

मला एकदा ताप आला. कामावर गेलो नाही. जेवणाच्या सुट्टीत सदा सायकल हाणत चिंचवडला माझ्या खोलीवर हजर!

"अरे, नुसता ताप आहे," मी म्हटलं.

"मग सांगून आजारी पडायचं, राव!"

*

आमच्या साहेबांची बदली झाली. निरोपाचा हार घालायला सदाला पुढे बोलावलं, तर हा जागचा हलेना.

"जाणाऱ्याला हार कशापायी? ऱ्हाणाऱ्याला घाला!"

साहेब हसले आणि गळ्यातला हार काढून त्यांनी सदालाच घातला.

*

लग्न झालं. बायको सखू पुनावळ्याची. पहिल्या सणाला ती सकाळी माहेरी गेली आणि संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर हा तिच्या दारात.

"सहज आलो. हिकडनंच चाललो व्हतो," म्हणाला.

दिघी कुठे, पुनावळे कुठे! आम्ही पोट धरून हसलो. पण त्या दिवशी दुपारपासून बाटल्या भरता भरता तो सारखा घड्याळाकडे बघत होता, ते मी पाहिलं होतं. मला वाईट वाटलं.

*

मग पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे सासूबाई न्यायला आल्या, तर हा म्हणतो, सुईण दिघीतच बोलावतो. शेवटी सखूच कडाडली, "मला भ्या वाटतंय, मला आई पायजे! तुमच्या भ्यापायी मी तिला सोडू व्हय?"

दुसऱ्या दिवशी सदाने स्वतः तिला बैलगाडीत बसवलं. आणि गाडीच्या मागोमाग सायकल काढली!

रजेच्या अर्जावर नवे साहेब म्हणाले, "बाळंतपण बायकोचं की तुझं?"

"निम्मं माझं हाय, सायेब."

*

मुलगी झाली. महिन्याभराने आम्ही दोघे-तिघे पुनावळ्याला बघायला गेलो. सखू आत शेक घेत होती. सदा भिंतीला टेकून बसलेला, मांडीवर पोर गाढ झोपलेली. आमचा चहा झाला, गप्पा झाल्या, ऊन ओट्यावरून खाली उतरलं, तरी हा हलेना. एरवी एका जागी पाच मिनिटं न टिकणारा माणूस! पायाला मुंग्या येऊन तोंड वाकडं झालं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "पाव्हणं, पोर कवाच निजलीया. ठिवा की पाळण्यात."

सदा हळूच म्हणाला, "आन् जागी झाल्यावर तिला कुनीच दिसलं न्हाई तर?"