अर्थिंग कापून 'दुरुस्त' केलेला ओव्हन

मंडळी, अजून रागात आहे, तरी लिहिते. आज सकाळी आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या लताबाईंना ओव्हनच्या दाराचा शॉक बसला. थोडक्यात वाचल्या.

हा ओव्हन लावला की घरातली वीज जायची, म्हणून काल मेकॅनिक बोलावला होता. "झालं मॅडम, आता वीज जाणार नाही," म्हणून तो गेला.

मग मी ओव्हनच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला. बटण बंद करून प्लग उघडला, तर अर्थिंगची हिरवी वायर कापून वर टेप गुंडाळलेली! करंट पत्र्यात उतरून याच वायरीतून जमिनीत जात होता, म्हणूनच वीज जात होती. मेकॅनिकसाहेबांनी बिघाड तसाच ठेवला आणि इशारा बंद केला.

त्यांना फोन केला.

"अहो मॅडम, सगळे असंच करतात. बाईंना चप्पल घालायला सांगा."

"तुमच्या घरी ओट्यापाशी चप्पल घालतात?"

फोन ठेवला त्यांनी.

लताबाई हळूच म्हणाल्या, "काकू, उद्यापासून घालते ना मी चप्पल." काम जाईल, ही भीती.

ओव्हन बाहेर काढून ठेवलाय. लताबाई उद्या नेहमीसारख्याच ओट्यापाशी उभ्या राहतील, अनवाणी.

तुमच्याकडेही कुणी असं झटपट दुरुस्त करून गेलंय? त्या यंत्राला घरात हात कुणाचे लागतात?