बागवाल्यांची बाय

"इथे वाकायचं, साहेब. राजाचं घर आहे."

राजवाड्याच्या दाराशी आलं की बागवाले असं म्हणत आणि पाहुण्यांच्या आधी स्वतःच कमरेत वाकत. आत राजा नव्हता. इंग्रजांनी ब्रह्मदेशाहून आणून ठेवलेला तो राजा रत्नागिरीतच वारला. मग राणी आणि मुली गेल्या, खुर्च्या-मेजांचा लिलाव झाला, आणि त्यालाही कितीतरी वर्षं लोटली. उरली होती लाल भिंतींची रिकामी दालनं, रंगीत काचा आणि एक पेंगणारा पहारेकरी. तरी मुंबईचे टोपी-कोटवाले पाहुणे बागवाल्यांच्या मागोमाग मुकाट वाकायचे. मीही एकदा वाकलो होतो. पोटाच्या घेरामुळे मला परत सरळ व्हायला जरा वेळ लागला, तेव्हा पहारेकऱ्याला वाटलं की माझी राजावर फारच भक्ती आहे.

घरात ही हकिकत मी पुष्कळदा सांगितली आहे. मुलं मला अडवतात, "अण्णा, मागच्या खेपेला पहारेकरी नव्हता." नसेलही. अशा वेळी मी वाद घालत नाही. बागवाल्यांचं काय झालं ते मी पाहिलंय.

त्यांचं नाव मी मुद्दामच घालत नाही. बंदरावर सगळे त्यांना बागवालेच म्हणत. मी तिथे आगबोटीच्या एजंटाच्या कचेरीत कारकून. जन्मभर मुंबईची तिकिटं दिली, पण स्वतः बोटीवर कधी पाऊल ठेवलं नाही. धक्क्याला लागलेला होडीएवढा पडाव नुसता हलताना दिसला तरी मला मळमळायला लागतं. बोट आत समुद्रात उभी राहायची आणि उतारू पडावातून धक्क्यावर यायचे. त्या वेळी बागवाले माझ्या टेबलाशी हजर. पांढरं धोतर, वर कुणा पाहुण्यानं दिलेला काळा कोट, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत. उतरणाऱ्या वरच्या वर्गाच्या मंडळींवर नजर ठेवून ते हळूच विचारत, "भाऊ, ह्या मानसाच्या घरात भिंती असतील काय वो?"

पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "बिनभिंतीचं घर कुणी पाहिलंय?"

"तशा नाय. चित्र लावायच्या भिंती."

माणूस चाळीतला वाटला तर बागवाले हात जोडून बाजूला होत. बंगलेवाला वाटला तर पुढे होऊन त्याची ट्रंक स्वतः उचलत. एका दिवशी एकच बिऱ्हाड, असा त्यांचा रिवाज होता. दोन कुटुंबं एकत्र कधी न्यायची नाहीत. सकाळी बैलगाडीतून राजवाडा, दुपारी एका चित्रकारानं लावलेल्या बागेत सावलीला जेवण, आणि उन्हं कलली की परत.

पाहुण्यांशी ते पुस्तकी मराठी बोलत, आमच्याशी घरची. राजवाड्याच्या वरच्या सज्जात उभे राहून खाडीच्या मुखाकडे हात करत आणि सांगत, "राजेसाहेब सायंकाळी इथे उभे राहून आपल्या देशाकडे पाहत व अश्रू ढाळीत."

एकदा एका प्रोफेसरांनी त्यांना टोकलं, "अहो, ब्रह्मदेश मागच्या अंगाला राहिला. ही पश्चिम."

"असेल, साहेब," बागवाले म्हणाले. "पण रडताना कोण दिशा बघतो?"

पुढच्या खेपेपासून बागवाल्यांनी त्यात एक दुर्बीणही घातली.

ही त्यांची खोड होती. राजाच्या अंगठीतला खडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटाण्याएवढा होता. मग तो बोराएवढा झाला, मग सुपारीएवढा. शेवटी ऐकला तेव्हा आवळ्याएवढा झाला होता आणि त्या हातानं राजाला जेवता येत नव्हतं. पाहुण्यांचे डोळे मोठे झाले की खडा वाढायचा. पाहुण्यांनी जांभई दिली की बागवाले ते वाक्यच काढून टाकायचे. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. समोरच्या माणसानं ऐकत राहावं, एवढीच त्यांची धडपड. संध्याकाळपर्यंत त्याचं मन आपल्याकडे असलं पाहिजे, कारण संध्याकाळी त्याला एक गोष्ट विचारायची असायची.

ती विचारायची बागेत.

राजवाड्यापासून थोडं पुढे, खाडीच्या उतारावर ही बाग. मुंबईचा एक चित्रकार छातीच्या विकारासाठी हवापालट करायला आला आणि ही जागा भाड्यानं घेऊन राहिला. ज्या रंगाची भूक लागेल त्या रंगाचं झाड लावायचं, असा त्याचा खाक्या. अबोली, चाफा, जास्वंद, मधूनच पिवळाधमक बहावा. बागवाले त्याचे गडी. विहिरीचं पाणी ओढून झाडांना घालायचं हे त्यांचं काम. त्यांना एकच मूल, एक मुलगी. तिला ते 'बाय' म्हणत, म्हणून सगळेच बाय म्हणत.

मी तेव्हा जवळच राहत होतो. बाय आमच्याकडे अबोलीचा वळेसर, केसांत माळायचा गजरा, घेऊन यायची. सावळी, किडकिडीत, कपाळ मोठं आणि डाव्या भुवईत एक खोक. जांभ्या दगडाच्या गडग्यावरून पडली होती, तिथे पुढे केसच उगवले नाहीत. आमच्या मंडळींनी लाडू दिला तर अर्धा खाऊन उरलेला परकराच्या ओच्यात बांधायची. "बाबांना नेतंय," म्हणायची.

चित्रकारानं तिला विहिरीच्या काठावर बसवून तिचं चित्र काढलं. ते मुंबईला नेलं आणि विकलं. त्यानंतर मानमोडीच्या तापाची साथ आली. त्या साथीत बाय गेली, आणि तिकडे मुंबईत चित्रकारही गेला. चित्र कुणी घेतलं हे सांगणारं कुणी उरलं नाही. बायचा फोटो नव्हता. आमच्या आळीत तेव्हा फोटो कुणाचेच नव्हते.

एवढंच बागवाल्यांच्या डोक्यात राहिलं: मुंबईत कुठल्यातरी भिंतीवर आपली बाय आहे. आपल्याला मुंबईतली घरं काही हिंडता यायची नाहीत, पण घरवाले बोटीनं इकडे येतात. म्हणून हा राजवाडा आणि म्हणून ही बाग. पाहुण्यांचं जेवण झालं, पानं खाऊन झाली की विहिरीशी उभे राहून ते विचारत, "आपल्या दिवाणखान्यात एका मुलीचं चित्र आहे काय, साहेब? सावळी आहे. भुवईत खोक आहे."

मंडळी एकमेकांकडे बघायची. नाही म्हणायची. बागवाले "बरं, बरं" म्हणत त्यांना गाडीत बसवायचे.

एका वर्षी एका सॉलिसिटरच्या बायकोनं नाक मुरडलं. "सावळी, वर खोक! असलं चित्र दिवाणखान्यात कोण लावतंय?" ती हसत म्हणाली. वाईट बाई नव्हती, जाताना गाडीवानाच्या मुलांसाठी खाऊ देऊन गेली. पण धक्क्यावर परत आले तसे बागवाले सरळ माझ्या टेबलाशी आले.

"भाऊ, खोक सांगितली की मान्सं पुढचा ऐकतच नाय."

"मग सांगू नका."

मी हे टेबलावरचे कागद आवरता आवरता म्हटलं. मी म्हटलं नसतं तरी त्यांनी तेच केलं असतं. अंगठीच्या खड्याचं सगळं शास्त्र त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या हंगामात खोक गेली. मग बाय निमगोरी झाली, मग गोरी. कुणी आपल्या भाचीच्या केसांची गोष्ट काढली, तर बायचे केस कमरेपर्यंत आले. कुणी गाणाऱ्या मुलीचं कौतुक केलं, तर बाय गाऊ लागली. बागेचं मात्र उलट चाललं होतं. मालकानं जागा परत घेतली आणि फुलझाडं तोडून हापूसची कलमं लावायला सुरुवात केली. "इथे बहावा होता," बागवाले मोकळ्या जमिनीकडे हात करून सांगत. पाहुणे मोकळ्या जमिनीकडे बघत आणि पुढे चालू लागत. तोडलेल्या झाडांतून वाट काढत मंडळी विहिरीशी पोचत, आणि तिथे बाय दर वर्षी आणखी देखणी होऊन बसलेली असे.

बागवाल्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. त्या एकदा आमच्या मंडळींना म्हणाल्या, "आता घरात पन ती तसलीच हाय. काल मला म्हनाले, बायचे केस विंचरायला तुला तासभर लागायचा, नाय? तिच्या केसांची तर येनीसुद्दा नीट व्हायची नाय वो." असं म्हणून त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या.

शेवटी एका वर्षी एक विधवा बाई आल्या. गिरगावातल्या, शांत स्वभावाच्या. परतीच्या बोटीची वाट बघत त्या माझ्या कचेरीत बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचे ते वाटाडे एका चित्राचं विचारत होते. त्या चित्रकाराचं एक चित्र आमच्याकडे आहे. विहिरीच्या काठावरची मुलगी. पण ती गोरी नाही, केसही आखूड. मी तसं सांगितलं, तर म्हणाले की मग ती नव्हे."

मी टाक खाली ठेवला. मी विचारलं, "डाव्या भुवईत खोक आहे का?"

"आहे की! आमच्या सासूबाई म्हणायच्या, चित्रकाराचा हात घसरला. त्यांना ते आवडायचं नाही, म्हणून किती वर्षं माळ्यावरच पडून आहे."

म्हणजे भिंतीवर नव्हतीच. इतकी वर्षं बागवाले भिंती असलेली माणसं निवडत राहिले, आणि ती माळ्यावर होती.

मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. बाई सज्जन. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या तसं त्यांनी चित्र गोणपाटात शिवून पाठवलं. मी कुणाच्या हाती न देता ते स्वतः डोक्यावर घेऊन गेलो. माझ्यासारखा माणूस डोक्यावर तसला चौकोन घेऊन चढण चढताना बघून पोरं मागे लागली, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. मनात म्हणत होतो, बागवाले आता रडतील, आणि त्यांच्याबरोबर आपणही रडू.

वहिनींनी विळ्यानं गोणपाट उसवलं. वरचा भाग मोकळा झाला, कपाळ दिसलं, भुवई दिसली, आणि वहिनींनी विळा बाजूला ठेवला. मग हात त्या भुवईवर. ती बायच होती. ओच्यात अर्धा लाडू बांधून आत्ता उठून जाईल अशी.

बागवाले पुढे झाले. त्यांनी चित्र उजेडाकडे धरलं, नीट बघितलं, पुन्हा बघितलं.

"चित्र बेस हाय," ते म्हणाले. "पन ही नव्हं."

"अवो, खोक बगा," वहिनी म्हणाल्या. "गडग्यावरनं पडली तवा तुमीच हळद भरलीत ना?"

"पडली? आमची बाय कदी पडली?"

"अवो—"

"तू ईसरलीस," बागवाले मायेनं म्हणाले. "तुजा दोष नाय. लई वर्सं झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, येवडा वजा घेऊन आलाव. पानी घ्या."

मी पाणी प्यालो. त्यांना तिची आठवण करून देता येईल असं माझ्यापाशी शब्दांपलीकडे काही नव्हतं, आणि शब्दांनीच तर ती गेली होती.

वहिनींनी चित्र माजघरात लावलं. बागवाल्यांनी हरकत घेतली नाही. पण ते त्याच्यासमोर धोतर बदलत नसत. परकी मुलगी आहे म्हणत. दुसऱ्याच दिवशी बोटीच्या वेळेला ते धक्क्यावर हजर झाले आणि त्यांनी मला विचारलं, "भाऊ, त्या चष्मेवाल्याच्या घरात भिंती असतील काय वो?" मी "असतील" म्हटलं. पुढेही विचारतील तेव्हा असतीलच म्हणत राहिलो. घरी वहिनी मुलीजवळ बसून तांदूळ निवडायच्या, आणि ते बाहेर उन्हातून तिला शोधत फिरायचे. असे आणखी तीन-चार हंगाम गेले.

पुढे त्यांचे पाय सुजले आणि धक्क्यावर येणं बंद झालं. मी भेटायला गेलो. माजघरात अंथरूण घातलं होतं, समोर चित्र. राजवाडा, अंगठी, दुर्बीण, कशाचीच विचारपूस त्यांनी केली नाही. मला खूण करून जवळ बोलावलं आणि चित्रातल्या मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "भाऊ, येवडं काम करा. ह्या पोरीला तिच्या घरी पोचवा. किती दिस हितं बसून हाय, कदी काय मागत नाय. तिचा बाप तिला शोदत असंल वो."

वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

"शोधतोय," मी म्हटलं.

"मग बेगीन न्या," ते म्हणाले.