निम्मे अण्णा

निम्मे अण्णांना मी कित्येक वर्षं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या. निपाणीत हायवेलगत माझं मेडिकल आहे. आपण काय करतोय हे मला कळत होतं, तरी दिल्या. हे आधीच सांगतो, नाहीतर त्यांच्याविषयी चांगलं लिहिता लिहिता माझी चूक झाकली जाईल.

ते बोरगावचे, ट्रक चालवायचे. कुठलीही वस्तू त्यांनी अख्खी घेतलेली मी पाहिली नाही. चहा आला की निम्मा बशीत ओतून समोरच्याला. बिडी दोन झुरक्यांनंतर दुसऱ्याच्या हातात. "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाय रं," म्हणायचे. दुकानातल्या वजनकाट्यावर उभं राहून सांगायचे, "ह्यातलं निम्मं गाडीमालकाचं हाय."

एकदा ते बायका गिऱ्हाइकं जाईपर्यंत खोकल्याच्या बाटल्या न्याहाळत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "उष्णता झालीया. लघवीला आग हुतीया, पू बी येतोय."

तो परमा होता. बाहेरच्या संबंधातून लागलेला. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टर गावचाच हाय. त्येची बायको आमच्या हिची मैत्रीण."

मी गोळ्या काढून दिल्या. पुढच्या फेरीला आले ते हसतच. "दोन दिसांत आग थांबली. गाडीवरच्या जोडीदाराला बी तसंच झालतं, उरलेल्या त्येला दिल्या. आता दोघं बी मोकळं."

मी त्यांच्याबरोबर हसलो. दोघांचाही उपचार अर्धवट राहिला, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

आजार परत आला. त्याच गोळ्यांना आता उशिरा गुण यायचा, म्हणून मी जास्त ताकदीच्या दिल्या. त्याही वाटल्या गेल्या. अनोळखी ड्रायव्हर येऊन "अण्णानं दिलत्या त्या द्या" म्हणू लागले, आणि मी देत राहिलो. अण्णा जाताना आठवणीनं म्हणायचे, "हिच्या ओटीपोटात लई दुखतंय, तिलाबी काय तरी द्या." दोघांची औषधं मी एकाच पिशवीत घालून द्यायचो.

शेवटी कुठलीच गोळी लागू पडेना. बेळगावच्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, ह्या गोळ्यांना आता हे जंतू दाद देत नाहीत. इंजेक्शन घ्या, पुन्हा तपासून जा, आणि बायकोला घेऊन या. मूल का होत नाही, तेही बघू.

अण्णा तिथून थेट माझ्याकडे आले. "हिला काय सांगू?"

"सध्या काय बोलू नका," मी म्हणालो. बोलणं निघालं असतं, तर माझ्या दुकानाचं नाव निघालं असतं. त्यांनी माझं ऐकलं.

गेल्या वर्षी अण्णा गेले. छातीत कळ आली तशी गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची आई आल्यागेल्याला सांगत होती, "पोरगं गेलं, मागं काय बी न्हाय. हिची कूसच उजवली न्हाय." अण्णांच्या पत्नी, आक्का, मान खाली घालून ऐकत होत्या. मी तसाच परतलो.

महिन्याभरानं पुन्हा गेलो आणि आक्कांना सगळं सांगितलं. "अण्णांचा आजार तुमालाबी लागला असणार. पोटदुखी त्यातलीच. मूल न होण्याचं कारणबी तेच असंल. बेळगावला दाखवून घ्या, मी संगं येतो."

 आक्कांनी विचारलं, "ह्यांस्नी ठावं हुतं?"

"हुतं. ते सांगणार हुते. मीच नको म्हटलं."

आक्कांनी पदर सावरला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "आत्ती, जरा भाईर या." सासूबाई दारात येऊन टेकल्या. आक्का मला म्हणाल्या, "आता हेच ह्यांच्याम्होरं बोला."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. परमा हा शब्दही उच्चारला. 

"आक्कांचा काय दोष न्हाय," मी म्हातारीला म्हणालो, आणि आक्कांपुढं हात जोडले. "चूक माझी हाय. मला माफ करा."