जुन्या बियाण्याची सरी

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बोटानं एक गोल जागा दाखवली. "याला कॅव्हिटी म्हणतात, म्हणजे फुप्फुसाला पडलेली पोकळी. क्षय आहे. दोन्ही बाजूंना आहे."

मी हिवरखेडचा माळी. वांगी, मिरची आणि झेंडू यापलीकडे मला फारसं कळत नाही, पण आतून पोखरलेलं फळ मी पुष्कळ पाहिलं आहे. माझी बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "काय निंगालं फोटोत?" मी म्हणालो, "काई नाई, जरासा कफ हाय." खोटं बोलायची मला सवय नाही. तिनं ते लगेच ओळखलं आणि पुन्हा विचारलं नाही.

ज्यांच्या घरात हा रोग शिरला आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी शहाणा आहे म्हणून नव्हे. शहाणा असतो तर लिहायची वेळच आली नसती.

सुरुवात खोकल्यापासून झाली. तेल्हाऱ्याच्या बाजारात भाजी विकताना तिला ढास लागायची, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. पावसाळाभर आम्ही काढ्यांवर काढला. मग एक दिवस थुंकीत रक्त आलं. तेव्हा तेल्हाऱ्याहून मोटारीनं अकोला, तिथून रेल्वेनं बडनेरा आणि मग अमरावती असं करत सरकारी दवाखाना गाठला.

भरती करताना कारकुनानं तिचं नाव विचारलं. परक्या माणसापुढं बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. मी म्हणालो, "तिलेच विचारा." तिनं स्वतःच नाव सांगितलं आणि मला म्हणाली, "सात जन्म झाले तरी तुमच्या तोंडून हे निंगाचं नाई."

औषध म्हणजे काय, तर उघड्या व्हरांड्यात खाट, दूध, अंडी आणि पडून राहणं. रोग एकाच बाजूला असला तर छातीत हवा भरून ते फुप्फुस मिटवून ठेवतात, त्याला विश्रांती मिळते. आमचं दोन्हीकडं होतं, त्यामुळे तो मार्ग बंद होता. दिवसभर काम करणाऱ्या बाईला पडून राहा म्हणणं म्हणजे शिक्षाच. ती पडल्या पडल्या मला मिरचीच्या रोपांचे हालहवाल विचारायची.

दर रविवारी रोग्यांची गर्दी सरली की मोठे डॉक्टर आणि त्यांच्या हाताखालचे दोन डॉक्टर व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत बसत. विलायतेहून बोटीनं निघालेली वैद्यकीची मासिकं तिथं यायची, तीही चांगली शिळी होऊन. एकानं वाचायचं आणि दोघांनी खोट काढायची, असा त्यांचा शिरस्ता. मोठे डॉक्टर मधूनच एका काळ्या वहीत काही टिपून ठेवत. भांडण इंग्रजीत सुरू व्हायचं आणि तापलं की मराठीत यायचं. रोगी निवडले कोणी? बरे झाले म्हणजे काय, थुंकी तपासली का? वर्षानं त्यांना पुन्हा कोणी पाहिलं का? मी बाहेर बसून ऐकायचो आणि माझं डोकं फिरायचं. इथं माणूस रक्त ओकतंय आणि हे लोक कागदाशी हुज्जत घालताहेत!

अशाच एका रविवारी माझ्या कानावर सोन्याचं नाव पडलं. क्षयावर सोन्याचं इंजेक्शन निघालं होतं. मी सरळ आत शिरलो. सोनं म्हणजे खोटं कसं असेल?

मोठ्या डॉक्टरांनी मला हाकललं नाही. स्टुलावर बसवलं. तो लेख पेन्सिलीच्या खुणांनी भरला होता.

"तुम्ही बागवाले. वांग्याचं नवं बी आलं तर काय करता?"

"दोन सऱ्या नव्याच्या लावतो, बाजूले दोन जुन्याच्या. एकाच पाटाचं पानी, एकच खत."

"आणि जुन्याची सरी लावलीच नाही तर?"

"मंग काय समजते? साल चांगलं असन तं सारंच पिकते."

"या लेखात जुन्याची सरीच नाही," ते म्हणाले. "सुई दिलेल्यांचं लिहिलंय. न दिलेल्यांचं काय झालं ते नाही. काही रोगी नुसत्या विश्रांतीनंही सुधारतात. शिवाय सोनं किडनीला, म्हणजे मूत्रपिंडाला बाधतं. तेही शेवटी बारीक अक्षरात आहे."

"मंग तुमच्यापाशी काय हाय?"

"खात्रीचं असं काही नाही."

मला सगळं समजलं होतं, हे मी कबूल करतो. बीवाल्याच्या शब्दावर मी कधी पसाभर बी पेरलं नाही. पण इथं जुन्याची सरी कुठून लावू? बायको एकच होती. आणि माझ्याकडं औषध नाही असं जो स्वतः सांगतो, त्याच्या दारात माणूस किती दिवस बसणार?

शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या भावानं अकोल्यातल्या एका खाजगी डॉक्टरचं नाव सांगितलं. मी तिला तिकडं नेलं. तो डॉक्टर वाईट नव्हता, गोड बोलायचा, वाचायचाही. त्याच्या टेबलावर तेच मासिक होतं. फक्त त्यावर पेन्सिलीची एकही खूण नव्हती.

सुई पाहून ती म्हणाली, "अंगावर कधी घातलं नाई, आता अंगात घालून राहिले काय? मी मेल्यावर काढून घेजा मंग." आम्ही दोघंही हसलो.

तिसऱ्या सुईनंतर ताप उतरला. तिनं भाकर आणि ठेचा मागितला. मला आभाळ ठेंगणं झालं. मी अमरावतीला कार्ड टाकलं, "नव्या बियाचं पीक आलं. तुमच्या वहीत लिहा." उलट टपाली उत्तर आलं, "आनंद झाला. लघवी तपासत राहा." बरं वाटलं तरी याचं आपलं चालूच, असं म्हणून मी ते कार्ड कोनाड्यात खुपसलं.

मग तिच्या तोंडाला पितळेसारखी चव येऊ लागली. अंगाला खाज सुटली, तोंड फोडांनी भरलं, पाय सुजले. लघवीत अल्ब्युमिन निघालं, म्हणजे अंगातलं सत्त्व लघवीवाटे वाहून चाललं होतं. सुया थांबवल्या, पण उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाला, घरी न्या. शेवटी शेवटी तिला पाण्याचा घोटसुद्धा झोंबायचा. तिनंच लावलेला झेंडू फुलला होता, तोच तिच्यावर घातला.

तेरवी झाल्यावर मी अकोल्याच्या डॉक्टरला विचारलं, हे तुम्ही त्या मासिकाला कळवणार का? तो खाली पाहत म्हणाला, "असल्या केसेस कोण छापतं?"

ते ऐकून मी अमरावतीला गेलो. रविवारच होता. मोठ्या डॉक्टरांना पहिल्या सुईपासून सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "सुई देल्ली नसती तं वाचली असती का, साहेब?"

ते म्हणाले, "हो म्हटलं तर तुम्ही जन्मभर स्वतःला खाल. नाही म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मला दोन्ही माहीत नाही. एका झाडावरून सांगता येत नाही."

त्या वेळी मला त्यांचा फार राग आला. आज वाटतं, माझ्या दुःखातसुद्धा माझ्याशी खोटं न बोललेला तो एकच माणूस होता. त्याचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर नव्या औषधाचे गुण ऐकून घ्या, आणि जुन्याची सरी कुठं आहे तेही विचारा. उत्तर आवडणार नाही, तरी विचारा.

त्या रविवारी मग डॉक्टरांनी आपली काळी वही उघडली. "जे छापत नाहीत ते मी इथं लिहितो," ते म्हणाले. गाव लिहिलं, वय लिहिलं, सुयांच्या तारखा लिहिल्या. मग लेखणी थांबवून त्यांनी विचारलं, "नाव?"

मी सवयीनं दाराबाहेरच्या बाकाकडं पाहिलं. बाक रिकामा होता.

"सुभद्रा," मी म्हणालो.