आबांची पत्रं मशीनमध्ये होती

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी सांगलीत विश्रामबागला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे मी तेव्हाही सांगायचे, आजही सांगते, त्यात लाजायचं काय? आजोबा जन्मभर मेंढरांमागं हिंडले. आबा, म्हणजे माझे वडील, ऐन पोरवयात कळप सोडून कोयनेच्या धरणावर कामाला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आई गेल्यावर ते माझ्याकडं राहायला आले. धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला होता.

आबांना लिहिता येत नव्हतं. रविवारी क्लास बंद असायचा. क्लास चालवणाऱ्या सरांना विचारून मी आबांना तिथं घेऊन जायचे. भावाला पत्र म्हणून ते बोलायचे, मी टाइप करायचे. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, कारण तेव्हा दुसरी सोय नव्हती.

आधी भावानं सांगितलं तसं वेबवरचं मेल वापरलं. पहिल्याच रविवारी आबा रंगात आले. लहानपणी कळपाबरोबर घाट उतरून कोकणात जायचे, ती सगळी वाट त्यांनी सांगितली. पाऊण तास. मी पाठवायला गेले तर फोनची लाइन तुटलेली. पान कोरं.

"आबा, गेलं सगळं. परत सांगता?"

"परत? येकदा सांगितलं की झालं. आता त्येच सांगाय लागलो तर खोटं वाटंल."

भावाला कळवलं, तर तो तिकडून लिहितो, अक्का, वेबवरचंच ठेव, ते कुठूनही उघडतं. मी आबांना वाचून दाखवलं.

"आनि ठिवलेलं कुठं असतंय?"

"असतंय कुठंतरी. अमेरिकेत वगैरे."

"मग ते आपलं कसं गं? म्हशीचा मालक म्हणतोय, म्हस हाय माझी, पर कुठं हाय ठावं न्हाई!"

आम्ही दोघं हसलो. मग मी कॉम्प्युटरबरोबर आलेला मेलचा प्रोग्रॅम सुरू केला. त्यात लाइन न जोडता निवांत लिहिता यायचं, शेवटी मिनिटभर फोन लावला की पत्र जायचं. आलेलं, गेलेलं, सगळं आपल्या मशीनमध्ये. मला ते पटलं. कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये आमची सगळी कागदपत्रं एका पत्र्याच्या पेटीत असत आणि पेटी दाराशी. जमीन हलली की आधी पोरं बाहेर, मग पेटी. कॉलनीत घरोघरी हीच रीत. एक पेटी, एक जागा, हाताशी. कागदाची नक्कल दुसऱ्या गावात ठेवावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

असे दीड वर्ष रविवार गेले. मेंढरांची नावं, वाटेतले मुक्काम, कॉलनीतला पहिला हादरा. आमच्याशी कधी न बोललेलं ते सगळं आबा त्या मशीनसमोर बसून भावाशी बोलले. भावाची वेबवरची पेटी लहान, ती भरली की नवीन पत्र आत येईना. तो जुनी पत्रं पुसायचा. त्यानं मला विचारलं होतं. मी लिहिलं, पूस खुशाल, माझ्याकडं आहेत.

आबा पावसाळ्यात गेले. दोन दिवसांचा ताप. भावाला वेळेत येता आलं नाही.

बाराव्यानंतर मी कामावर गेले. सर म्हणाले, "मॅडम, सगळ्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय. फॉरमॅट मारा." मुलांच्या मशीनचं असं दर दोन-तीन महिन्यांनी व्हायचंच, माझं तेवढं आजवर सुटलं होतं. विद्यार्थ्यांच्या फाइली, प्रश्नपत्रिका, सगळं मी फ्लॉपीवर घेतलं आणि एकेक मशीन साफ केलं. माझंही. हात सवयीनं चालत होते. प्रोग्रॅम मेल ठेवतो ती जागा वेगळी, आत खोल कुठंतरी असते. मला ती माहीत नव्हती. मुलांना शिकवणारी मी, मला माहीत नव्हती.

चार दिवसांनी मेलचा प्रोग्रॅम उघडला तेव्हा कळलं. मी तो बंद केला आणि वर्गात जाऊन नेहमीचा धडा घेतला.

भाऊ दिवाळीत आला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "अक्का, चल क्लासला. आबांची सगळी पत्रं छापून दे. बाइंड करून नेतो."

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"मशीन फॉरमॅट केलं. मीच."

त्यानं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "चल तर खरं."

क्लासमध्ये त्यानं वेबवरची त्याची पेटी उघडली. लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा लागली. आबांचं एकच पत्र उरलं होतं, सगळ्यात शेवटचं. त्यात कोकणची वाट नव्हती, मेंढरं नव्हती, धरणही नव्हतं. "आज सांगण्यासारखं काय न्हाई. अक्कानं डाळवांगं केलंय. मीठ कमी हाय, पर तिला सांगितलं न्हाई."

"हे तू टाइप केलंस?"

"व्हय. ते म्हणाले, जसं बोलतोय तसंच लिव."

त्याला हसू आलं आणि तो तोंड फिरवून खिडकीकडं बघत राहिला. मी दोन प्रती छापल्या. एक त्याला दिली, एक घडी करून पर्समध्ये ठेवली. मला रडू आलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही. अकराच्या बॅचची मुलं जिन्यात उभी होती. भावाला मी म्हणाले, "ऊठ आता, ही खुर्ची लागणार आहे," आणि दार उघडलं.